गंज झाकून जात नाही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आमच्या अंगणातली जुनी मेटाडोर गंजातून कशी उठवली, ते चार शब्दांत सांगावे, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. सभेत बोलण्याची सवय नाही. तेव्हा बोलण्यात चूकभूल झाली तर सांभाळून घ्यावे. हिशेबात चूक झाली तर मात्र तिथल्या तिथे मला थांबवावे. कारण या गाडीत माझ्या घराच्या पैशाबरोबर आपल्या मंडळाचाही पैसा गेला होता, आणि तो कसा गेला हे आज सर्वांसमक्ष सांगायचे मी ठरवूनच आले आहे.

प्रथम गाडीची ओळख करून देते. आपण माल वाहणाऱ्या कोणत्याही लहान गाडीला ‘टेम्पो’ म्हणतो. ते मुळात जर्मनीतल्या एका कंपनीच्या गाड्यांचे नाव. स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी सुरू केली आणि त्या जर्मन कंपनीच्या परवान्याने तीन चाकी टेम्पो आपल्याकडे तयार होऊ लागले. पुढे १९६९ पासून पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यातून चार चाकी मेटाडोर निघू लागली. कंपनीचे नाव २००५ साली बदलून फोर्स मोटर्स झाले, पण आपल्या भागात मेटाडोर हा शब्द टिकला तो टिकलाच. स्पॅनिश भाषेत मेटाडोर म्हणजे बैलाशी झुंजणारा गडी. आमच्या मेटाडोरने मात्र बैलांशी झुंज घेतली नाही, त्यांच्या मानेवरचे ओझे तेवढे कमी केले.

या गाडीचे इंजिन पुढे, चालकाच्या शेजारी, आणि ओढही पुढच्याच चाकांना. मागच्या चाकांपर्यंत दांडा न्यावा लागत नाही, म्हणून मागचा तळ जमिनीपासून फार उंच नसतो. धानाचे पोते चढवायला सोपे आणि लुगडे नेसलेल्या म्हातारीला चढायलाही सोपे. आमच्या गाडीची पहिली नोंदणी १९७४ ची. मामंजींनी ती १९८६ साली जुनीच विकत घेतली. आठवडाभर धान आणि कोंडा वाहायचा आणि शनिवारी गाडी धुऊन चांदपूरच्या हनुमानाला माणसे न्यायची, असा त्यांचा क्रम. महाशिवरात्रीला गायमुखच्या यात्रेला तर आत पाय ठेवायला जागा नसे. १९९९ साली मी या घरात सून म्हणून आले ती याच गाडीतून, आणि माझा मुलगा व्हायच्या रात्री तुमसरला गेले तीही याच गाडीतून. इथे बसलेल्यांपैकी किती जणी अशा अडीनडीला तिच्यात बसल्या असतील, ते त्यांनीच आठवावे.

मामंजी २००९ साली गेले. त्यानंतर गाडी चिंचेखाली उभी राहिली ती तेरा वर्षे. त्यात कोंबड्या बसू लागल्या, तळातून गवत वर आले. कबाडी दरवर्षी येऊन भाव सांगे. शेवटी त्याने छत्तीस हजार सांगितले, तेव्हा आमचे हे तयार झाले. सासूबाई ओसरीवर बसून ऐकत होत्या. त्या एवढेच बोलल्या, “विकाल तर मले बी तिच्यासंग विका.” मुलगा त्याच वर्षी तुमसरहून आय.टी.आय. करून घरी आला होता. नोकरी नव्हती, कोणाशी बोलणे नव्हते, दिवसभर खाटेवर पडून असायचा. तो उठून गाडीजवळ गेला, दार ओढले, तर बिजागरी त्याच्या हातात आली. “आई, हे होते जी,” तो म्हणाला. पुष्कळ दिवसांनी त्याचा आवाज मला पूर्वीसारखा वाटला. कबाडीला मी चहा पाजून परत पाठवले.

आता आमची पहिली चूक सांगते. २०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही वरवर गंज खरवडला, भोके पुट्टीने बुजवली आणि वरून निळा रंग दिला. सहा हजार रुपये लागले. गाडी अशी चमकली की येणारा-जाणारा थांबून बघे. मग पावसाळा आला. आपल्या पूर्वेकडच्या विदर्भाचा पाऊस काय असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. पोळ्यापर्यंत रंगावर फोड आले, दसऱ्यापर्यंत ते फुटले, आणि पुट्टीच्या मोठ्या खपल्या पडल्या. आतला पत्रा आधीपेक्षाही पातळ झाला होता.

असे का झाले, हे मुलाने मला समजावले, आणि ते आपल्या स्वयंपाकघरातलेच आहे. भंडाऱ्याची पितळी भांडी प्रसिद्ध. पितळ काळवंडते, हिरवे पडते, पण तो थर भांड्याला चिकटून राहतो आणि खालच्या धातूला बराचसा सांभाळतो. चिंच लावून घासले की भांडे पुन्हा लख्ख. लोखंडाचे तसे नाही. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज होतो. तो सच्छिद्र असतो, फुगतो, पापुद्रे सुटतात, आणि त्या पापुद्र्यांत ओल धरून राहते. म्हणजे गंजच पुढच्या गंजाला पाणी पाजतो. त्यावर रंग दिला तर ओल आत कोंडली जाते, आणि काम आपल्या डोळ्यांआड चालू राहते. ओला तवा उपडा घालून ठेवावा आणि सकाळी तांबडा मिळावा, तोच हा प्रकार.

दिवाळीनंतर धान घरात आल्यावर आम्ही नव्याने सुरुवात केली. या वेळी मुलाने नियम घातला, “जिथपर्यंत चांगले लोखंड दिसत नाही, तिथपर्यंत खोलायचे.” गाडी जॅकने उचलली, पण जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरले नाही. चारही बाजूंना भक्कम लाकडी ठोकळे दिल्यावरच शिरलो. काढलेला प्रत्येक नट-बोल्ट मी डब्यात घालून डब्यावर खडूने नाव लिहिले. हे माझे काम. पापड-लोणच्याच्या बरण्यांची सवय इथे उपयोगी पडली.

तळाची लाकडी फळी काढली आणि खरे कारण सापडले. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला लहान भोके असतात. वर्षानुवर्षे कोंडा आणि तूस साचून ती सारी बुजली होती. तळाच्या खाचांत कोंड्याचा चिखल घट्ट बसला होता, आणि तेरा पावसाळे तो ओलाच होता. बाहेरून दार धड दिसत होते, आतून ते संपले होते. भगिनींनो, गाडी असो, लोखंडी कपाट असो की धानाची पत्र्याची कोठी असो, पाणी निघायची वाट आणि हवा खेळायची वाट बुजू देऊ नका. एवढे एक जरी घरी घेऊन गेलात तरी माझे बोलणे फुकट गेले नाही असे मी समजेन.

घासण्याचे काम सासूबाई, मी आणि मुलगा असे तिघांनी केले. सासूबाई बसल्या जागी लहान वस्तू घासत. जुन्या रंगात शिसे असायचे. त्याची धूळ पोटात जाणे वाईट, लेकरांना तर फारच वाईट. म्हणून आम्ही पत्रा ओला करून पॉलिश पेपरने घासत होतो, नाकाला दुकानातला जाड मास्क लावत होतो, पुतण्यांना तिकडे फिरकू देत नव्हतो, आणि जेवणाआधी हातपाय धुऊन लुगडे बदलत होतो. ब्रेकच्या जुन्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असते. ती धूळ फुंकरीने किंवा हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्यानेच पुसायची. आणि डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी तिला घरी वेल्डिंग लावायचे नाही. आत उरलेली वाफ भडकते. आमची टाकी आम्ही जाणत्या माणसाकडेच दिली.

लहान लोखंडी वस्तूंसाठी मुलाने एक युक्ती केली. प्लॅस्टिकच्या टोपल्यात पाणी आणि धुण्याचा सोडा घालायचा. गंजलेली वस्तू बॅटरी चार्जरच्या ऋण तारेला आणि लोखंडाचा टाकाऊ तुकडा धन तारेला जोडून दोन्ही पाण्यात सोडायचे, पण एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. काही तासांत गंज ढिला होऊन ब्रशने निघून येतो. मात्र यात जळणारा वायू निघतो, म्हणून हे उघड्यावर आणि चुलीपासून दूर करायचे. सोड्याऐवजी मीठ घालायचे नाही आणि टाकाऊ तुकडा म्हणून स्टीलचे भांडे वापरायचे नाही, कारण त्यातून विषारी पदार्थ निघतात. चार्जर चालू असताना पाण्यात हात घालायचा नाही.

सडलेला पत्रा कापून नवा पत्रा वेल्ड केला. मागच्या भागाचा जवळजवळ अर्धा तळ बदलला. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढून ठेवली होती. एकदा थंडीत संध्याकाळी एक दार पांढरेशुभ्र होईपर्यंत घासले आणि रंग उद्या देऊ म्हणून ठेवले. रात्री दव पडले, आणि सकाळी दार पुन्हा तांबूस! तेव्हापासून ठरवले की दिवसभरात जेवढे रंगवून होईल तेवढेच घासायचे. खळग्यांत उरलेल्या गंजाला फॉस्फोरिक आम्लाचे द्रव लावले, ते वाळल्यावर रेड ऑक्साइडचे दोन हात, मग अगदी पातळ पुट्टी, आणि शेवटी रंग. दारांच्या पोकळीत मेण मिसळलेले तेल सोडले. कापणीनंतर आपण विळ्याला तेल लावून ठेवतो, तसेच.

इंजिन जाम झाले होते. त्यात जबरदस्ती न करता वरून थोडे तेल सोडून आठ दिवस थांबलो, मग हाताने थोडे थोडे फिरवले. पंप आणि नोझल दुरुस्तीला बाहेर दिले. डिझेलच्या नळीत हवा राहिली तर इंजिन सुरू होत नाही, म्हणून हातपंपाने हवा काढली. मे २०२४ मध्ये एका सकाळी गाडी खोकली, काळा धूर सोडला आणि चालू झाली. सासूबाई देवघरातून हळदकुंकू घेऊन आल्या. आमचे हे काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी शेतावर जायला त्यांना उशीर झाला.

आता हिशेब. पत्रा व वेल्डिंग १४,५०० रुपये, रंगाचे सामान ११,२००, इंजिन व पंप १८,६००, ब्रेक ६,३००, चार टायर १६,०००, बॅटरी ६,४००, वायरिंग ३,०००. एकूण ७६,०००. पहिल्या वेळचे वाया गेलेले ६,००० धरून ८२,०००. यांपैकी ५२,००० मुलाने पाण्याचे पंप आणि मोटारी दुरुस्त करून मिळवले. उरलेले ३०,००० मंडळाचे.

ते तीस हजार मी जून २०२३ मध्ये धानाच्या रोवणीसाठी म्हणून उचलले होते. वहीत तसेच लिहिले आहे आणि खाली माझी सही आहे. पण रोवणी घरच्या पैशाने झाली, आणि मंडळाचे पैसे पत्र्यात आणि इंजिनात गेले. गाडीसाठी म्हटले तर हसतील, देणार नाहीत, अशी मला भीती होती. मनाला सांगितले, हप्ते वेळेवर देते आहे ना, मग कशासाठी घेतले याला कोण विचारतो? पण त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास आपल्यातल्या एका बहिणीला मुलीच्या फीसाठी पैसे हवे होते आणि पेटीत कमी पडले. तिला सावकाराकडे जावे लागले. ती बैठकीतून उठून गेली, तेव्हा तिची पाठ मला दिसत होती. त्या रात्री मला झोप आली नाही. दिवसा मुलाला सांगत होते की गंजावर रंग देऊ नको, आणि माझ्या सहीखाली काय होते?

पुढच्या बैठकीत मी सर्व सांगितले. कोणी माझी समजूत घातली नाही, आणि ते योग्यच झाले. अध्यक्षाबाई म्हणाल्या, “बाई, गाडीसाठी मागितले असते तर कदाचित आम्ही दिले नसते. पण ते ठरवायचा हक्क आमचा होता, तो तू घेतलास.” हे शब्द मी विसरले नाही. दोन शेळ्या विकून मी काही रक्कम एकदम भरली आणि उरलेले हप्ते गेल्या वर्षी संपवले. त्या बहिणीची मी घरी जाऊन माफी मागितली. ती आज इथे बसली आहे. तिने माझ्या हातचा चहा घेतला, पण लगेच नाही, दोन महिन्यांनी. तेव्हापासून आपल्या मंडळात कर्जाचे कारण बैठकीत मोठ्याने वाचले जाते. तो नियम माझ्यामुळे आला, याचे मला दुःख आहे आणि समाधानही आहे.

या खर्चातून काय मिळाले, असे तुम्ही विचाराल. खरे सांगायचे तर गाडी भाड्याने चालवून पैसा परत येणार नाही. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे होऊन गेलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना त्यात ‘व्हिंटेज’ म्हणून मान्यता आहे. त्यांच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. नव्या नोंदणीला वीस हजार शुल्क, आणि ती दहा वर्षे चालते. पण अशी गाडी प्रदर्शनाला, मेळाव्याला, दुरुस्तीला नेता येते, धंद्यासाठी चालवता येत नाही. आमच्या गाडीला २०२४ साली पन्नास वर्षे झाली. वीस हजार आज घरात नाहीत, आणि त्यासाठी मी कोणाकडे हात पसरणार नाही. साठतील तेव्हा अर्ज करू. तोपर्यंत ती रस्त्यावर चालणार नाही. आज मंडपाबाहेर उभी आहे ती आपल्याच मुलींनी आमच्या अंगणातून ढकलत आणली, हे तुम्ही पाहिलेच.

मिळाले ते असे. मुलाच्या हाताला काम मिळाले. आमच्या अंगणात आता ट्रॉल्या, थ्रेशर, पत्र्याच्या कोठ्या दुरुस्तीला येतात. तो गिऱ्हाइकाला आधी आतला गंज दाखवतो, मग भाव सांगतो. काही जण म्हणतात, “वरून रंग मारून दे, एक हंगाम निघेल.” अशांना तो नाही म्हणतो. त्यामुळे काही गिऱ्हाइके जातात. जाऊ देत.

एक गोष्ट सांगून थांबते. जर्मनीत बर्था बेन्झ नावाची बाई होती. तिच्या नवऱ्याने मोटारगाडी बनवली होती, पण लोक तिच्यावर विश्वास ठेवीत नव्हते. ऑगस्ट १८८८ मध्ये ती दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्याला न सांगता, ती गाडी घेऊन माहेरी निघाली. सुमारे १०६ किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे बसवून घेतले. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास तो, आणि तो एका बाईने केला. म्हणून दुरुस्ती हे आपले काम नव्हे असे कोणी म्हटले, तर मनावर घेऊ नका. रोज शिवण, सांधण, घासण आपणच करतो. शिवाय ज्या पोलादाची ही गाडी, त्या पोलादाला मँगनीज लागते, आणि ते आपल्याच तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून निघते. लोखंड आपल्याला परके नाही.

सभा संपल्यावर सर्वांनी गाडी बघून जावे. मागच्या डाव्या दाराखाली हात घालून बघावे. तिथे बोटभर जागेवर आम्ही मुद्दाम रंग दिलेला नाही, फक्त तेल लावतो. तिथे गंज दिसला तर मुलाला लगेच सांगावे. मला सांगितले तरी चालेल.